झेंडे विकणारी राजकन्या

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे आणि ते मी लिहावे, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले. त्या दिवसापासून मी विचारात पडले होते. जिजाऊ, अहल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे यांची चरित्रे आपण भगिनींनी कितीतरी वेळा वाचली आणि ऐकली आहेत. त्यांत मी नवी भर ती काय घालणार? परंतु त्याच बैठकीत दुसरा एक विषय निघाला, आणि त्यानेच मला माझी चरित्रनायिका सापडून दिली.

विषय साधाच होता. सात डिसेंबरच्या ध्वजदिनाला सैनिकांच्या निधीसाठी मंडळाने डबे घेऊन बाजारात उभे राहावे की नाही? काही भगिनींनी स्पष्टच सांगितले की ओळखीच्या घरी जाऊन वर्गणी मागू, पण नाक्यावर येणाऱ्याजाणाऱ्यापुढे डबा धरणे आम्हांला जमायचे नाही. त्यांचे मला मुळीच नवल वाटले नाही. हा संकोच मी स्वतः भोगलेला आहे.

१९६५ सालची गोष्ट. मी तेव्हा सहावीत होते. पाकिस्तानशी झालेले युद्ध सप्टेंबरात थांबले होते, पण घरोघरी बोलणे त्याचेच होते. डिसेंबरात शाळेने आम्हां मुलींना पत्र्याचे मोहोरबंद डबे आणि टाचण्या लावलेले कागदी झेंडे दिले. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे त्यांवर होते. पाच पैसे, दहा पैसे, जो जे देईल ते डब्यात टाकून घ्यायचे आणि त्याच्या छातीवर झेंडा टोचायचा. माझ्या वाट्याला बाजारातला रस्ता आला. पहिल्याच दुकानदाराने मला हुसकून लावले. सकाळपासून चार जणी येऊन गेल्या, असे तो ओरडला आणि दुकानातली गिऱ्हाइके हसली. मी रडवेली होऊन एका ओट्याच्या आडोशाला जाऊन बसले. उरलेले झेंडे वडाळे तलावात टाकून द्यावे आणि घरून पैसे मागून डब्यात भरावे, इथपर्यंत माझा विचार झाला होता.

तेवढ्यात समोर भाजीचे वाटे लावून बसलेल्या एका म्हातारीने मला हाक मारली. सगळे तिला नुसते आजी म्हणत. तिने झेंडा कशाचा ते विचारले, मी सांगितले. तिने कनवटीचे दहा पैसे काढून डब्यात टाकले आणि झेंडा लुगड्याच्या पदराला टोचून घेतला. मग हातातली मेथीची जुडी बांधता बांधता तिने सांगितले की तिचा नवरा मराठा पलटणीत होता, पहिल्या जर्मन युद्धात तो बसऱ्याकडे गेला, तिथे तुर्कांच्या कैदेत सापडला, आणि पुढे त्याची काहीच खबर आली नाही. एवढे सांगून तिने मला उठवले आणि दुसऱ्या दुकानाकडे बोट दाखवले. त्या दिवशी माझे सारे झेंडे खपले.

पुढे संसारात ही आठवण मागे पडली. पण वाचनाचा नाद होता, आणि असेच एकदा वाचता वाचता मला एक स्त्री भेटली. ती रणजितसिंहाची नात. जन्माने राजकन्या. तरीही परक्या देशात आपल्या सैनिकांसाठी तिने झेंड्यांचा दिवस घडवून आणला. तिचे नाव राजकन्या सोफिया दलीपसिंग. त्या रस्त्यावरच्या मागण्याचा अर्थ मला म्हातारीने कृतीने शिकवला होता, सोफियाच्या चरित्राने तो नीट समजावला. म्हणून आज मी ते सांगते.

सोफियाचे आजोबा महाराजा रणजितसिंह १८३९ साली वारले. त्यांचा धाकटा मुलगा दलीपसिंग १८४३ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, लाहोरच्या गादीवर बसला. १८४९ साली इंग्रजांनी पंजाब खालसा केला. दहा वर्षांच्या पोराकडून राज्यही गेले आणि कोहिनूरही गेला. त्याची आई राणी जिंदन हिला त्याच्यापासून तोडून तुरुंगात ठेवले. ती तिथून निसटली आणि नेपाळात गेली. दलीपसिंगाला इंग्रज पालकांच्या हाती देऊन ख्रिस्ती केले आणि १८५४ साली विलायतेस नेले. मायलेकरांची गाठ पडली ती १८६१ साली, कलकत्त्यात. राणी तेव्हा दृष्टीने अधू झाली होती.

या राणीचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल. १८६३ साली लंडनला तिचा अंत झाला. तिचे शव पंजाबात नेण्यास सरकारने परवानगी दिली नाही, कारण लोक खवळतील ही भीती. म्हणून दलीपसिंगाने ते जहाजाने मुंबईस आणले, तिचे अंत्यसंस्कार आपल्या मुलखात झाले आणि नाशिकला गोदाकाठी तिची लहानशी समाधी उभी राहिली. पंजाबची राणी साठ वर्षे गोदावरीच्या आश्रयाला होती.

परतीच्या वाटेवर दलीपसिंगाने मिसर देशात बंबा म्युलर या मुलीशी लग्न केले. तिचा बाप जर्मन आणि आई आफ्रिकेतल्या हबसाण देशाची होती. त्यांच्या मुलींत सर्वांत धाकटी सोफिया. तिचा जन्म ८ ऑगस्ट १८७६ चा. खुद्द व्हिक्टोरिया राणी तिची धर्ममाता झाली. एल्व्हडन येथील मोठ्या वाड्यात मुले वाढली. पण बाप कर्जात बुडत चालला होता आणि आपले राज्य आपल्यापासून कपटाने घेतले गेले, ही जाणीव त्याला आता जाळू लागली होती. १८८६ साली त्याने बायकामुलांसह हिंदुस्थानची वाट धरली. सरकारने त्याला एडनला अडवले.

एडन म्हटले की आपल्या पनवेलकरांच्या काळजात कळ उठते. आपल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके त्याच एडनच्या तुरुंगात १८८३ साली देह ठेवून गेले होते. त्यानंतर तीनच वर्षांनी पंजाबचा राजा त्या बंदरात अडकून पडला. त्या वेळी नऊ वर्षांची सोफिया त्याच्यासोबत होती. बापाला डोळ्यांदेखत अडवलेले त्या पोरीने पाहिले. बायकामुलांना इंग्लंडला परत धाडण्यात आले. दलीपसिंगाने एडनलाच पुन्हा शीख धर्म स्वीकारला आणि तो पॅरिसला निघून गेला.

दुसऱ्याच वर्षी सोफियाला विषमज्वर झाला. आई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसली. मुलगी बरी झाली, पण आईने अंथरूण धरले आणि ती गेली. सोफिया अकरा वर्षांची होती. १८९३ साली बापही पॅरिसला वारला. आपल्यासाठी जागून मेलेल्या आईची आठवण या मुलीने आयुष्यभर मनात ठेवली असली पाहिजे, असे तिचे पुढचे आयुष्य पाहून मला वाटते.

सोफिया मोठ्या झाल्या. राणीने त्यांना हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याजवळचे फॅरडे हाउस हे घर राहायला दिले. उंची कपडे, मेजवान्या, जातिवंत कुत्री, आणि स्त्रियांना नवीच असलेली सायकल, यांत त्यांचे दिवस जात. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे येत. इथेच सारे थांबले असते तर आज त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही उरले नसते.

पालट झाला तो हिंदुस्थानात आल्यावर. १९०३ च्या दिल्ली दरबारासाठी त्या आल्या. ज्या देशात त्यांचा आजा सिंहासनावर बसला होता, तिथे त्यांना कोणी विचारले नाही. पुढे १९०६–०७ मध्ये त्या लाहोरला पुन्हा आल्या. पंजाबात तेव्हा असंतोष धुमसत होता. तिथे त्यांना लाला लजपतराय भेटले आणि आपले नामदार गोपाळ कृष्ण गोखलेही भेटले. कोतळूकसारख्या कोकणातल्या खेड्यात जन्मलेल्या, आणि सारा जन्म देशकार्यासाठी झिजवणाऱ्या या पुरुषाचा त्यांच्या मनावर परिणाम झाला. चैनीच्या आयुष्याची गोडी त्यानंतर उरली नाही. विलायतेस परतल्यावर, तिकडच्या बंदरात उपाशी आणि बेवारस पडणाऱ्या हिंदी खलाशांच्या निवाऱ्यासाठी त्या झटू लागल्या. हे खलाशी लोक म्हणजे पुष्कळसे आपल्याच किनाऱ्यांवरचे.

१९०९ साली त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत शिरल्या. एमेलिन पँखर्स्ट या तिच्या पुढारी. १८ नोव्हेंबर १९१० रोजी तीनशेच्या वर स्त्रिया पार्लमेंटवर चालून गेल्या, त्यांच्या अगदी पुढच्या रांगेत सोफिया होत्या. पोलिसांनी त्या दिवशी कित्येक तास स्त्रियांना बडवले, फरफटले. तो दिवस तिकडे काळा शुक्रवार म्हणून ओळखला जातो. एक शिपाई एका बाईला पुन्हा पुन्हा जमिनीवर आपटत होता, ते सोफियांनी पाहिले. त्या मध्ये पडल्या, तो पळू लागला तशा त्याच्या मागे गेल्या, त्याच्या बिल्ल्याचा क्रमांक मिळवला आणि वरपर्यंत तक्रार नेली. सरकारने दाद दिली नाही, पण एका राजकन्येने शिपायाचा बिल्ला वाचून घेतला ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अंगावर चढवलेला बिल्ला म्हणजे जबाबदारी, हे त्यांना उमगले होते.

पुढच्या वर्षी तर त्यांनी पंतप्रधानांच्या मोटारीपुढेच धाव घेतली. मत नाही तर करही नाही, असा पक्का निर्धार करून त्यांनी सरकारी परवान्यांचे पैसे भरायचे थांबवले. पाच कुत्री, गाडी आणि नोकर यांच्या परवान्यांवरून १९११ साली त्यांना तीन पौंड दंड झाला. पुढे दंडाची रक्कम थकली म्हणून सात हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात निघाली. १९१३ च्या अखेरीस पुन्हा साडेबारा पौंड दंड. या वेळी १३१ मोत्यांचा हार आणि रत्नजडित सोन्याची बांगडी जप्त झाली. दोन्ही वेळी चळवळीतल्या भगिनींनीच लिलावात बोली लावली, डाग सोडवले आणि ते सोफियांच्या हाती परत दिले. हाराचे दहा पौंड आले, बांगडीचे सात. ज्या सरकारने तिच्या बापाचा कोहिनूर नेला, त्याच सरकारने मुलीच्या गळ्यातला हार नेला. फरक इतकाच की कोहिनूर सोडवायला कोणी नव्हते, आणि हार सोडवायला एक मंडळ होते. भगिनींनो, मंडळाचा उपयोग काय असे विचारणाऱ्यांना हे जरूर सांगा.

याच काळात त्या आपल्या घराजवळ, हॅम्प्टन कोर्टच्या रस्त्यावर, चळवळीचे वर्तमानपत्र विकत उभ्या राहत. खांद्याला पिशवी, अंगात भारी कोट आणि हातात अंक. १९१३ सालचे त्यांचे तसे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ज्या घराण्याने राजकृपेने राहायचे, त्या घरच्या मुलीने राजवाड्याच्या दारात हे करावे, म्हणून दरबारी लोकांचा संताप झाला. पण रस्त्यावर उभे राहून अनोळखी माणसापुढे हात पुढे करण्याची त्यांची भीड अशी आधीच मोडली होती. पुढे ती कामी आली.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. मुंबई आणि कराचीच्या बंदरांतून हिंदी सैन्याची जहाजे निघाली. आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या लढाईत कामी आले. युद्ध संपेपर्यंत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि ७० हजारांहून अधिक तिकडेच राहिली. जखमींसाठी ब्रायटनच्या राजवाड्यात इस्पितळ उघडले. प्रत्येकाचा धर्म आणि जातरिवाज सांभाळण्यासाठी तिथे नऊ निरनिराळी स्वयंपाकघरे होती.

सोफियांपुढे आता खरा प्रश्न होता. ज्या राज्याने घराण्याचे वाटोळे केले, ज्याला त्या कर देत नव्हत्या, त्याच राज्याच्या फौजेतले हे लोक. त्यांच्यासाठी काही करायचे की नाही? त्यांनी उत्तर शब्दांत दिले नाही. परिचारिकेचा पोशाख केला आणि १९१५ च्या ऑक्टोबरपासून १९१७ च्या जानेवारीपर्यंत आयलवर्थ येथील रेडक्रॉसच्या इस्पितळात काम केले. हिंदी जखमींच्या शुश्रूषेतही त्या असत. पंजाबातल्या खेड्यांतून आलेल्या शीख शिपायांना आपल्या खाटेशी रणजितसिंहाची नात बसली आहे, हे खरेच वाटत नसे. राज्य चालवणारा निराळा आणि त्याच्या हुकमाने गोळी खाणारा गरिबाचा पोर निराळा, हा भेद त्यांना कळला होता. तो कळायला मोठे मन लागते.

आता झेंड्यांविषयी. ही रीत विलायतेत आधी नव्हती. १९१२ साली राणी अलेक्झांड्रा हिच्या नावाने इस्पितळांच्या मदतीसाठी कृत्रिम गुलाबांची रस्त्यावर विक्री झाली, तेवढाच दाखला होता. १९१४ च्या सप्टेंबरात ग्लासगो शहरात अ‍ॅग्नेस मॉरिसन या बाईंनी शिपायांच्या कुटुंबांसाठी छोटे झेंडे विकायला शेकडो स्त्रिया रस्त्यावर आणल्या, आणि पाहता पाहता गावोगाव झेंड्यांचे दिवस साजरे होऊ लागले. युक्ती सोपी पण विचारपूर्वक केलेली होती. झेंड्याला ठरावीक किंमत नाही. गरिबाने तांब्याचे नाणे द्यावे, श्रीमंताने सोन्याचे, पण झेंडा दोघांना सारखाच. छातीवर झेंडा टोचला की तीच पावती, त्या दिवशी त्याला दुसऱ्याने अडवायचे नाही. दिलेले नाणे बंद डब्यात पडणार, मागणाऱ्या मुलीच्या हाती उरणार नाही. पुढे निधींचा इतका सुळसुळाट झाला, की त्यात भामटेही शिरले. म्हणून १९१६ साली युद्धनिधींची नोंदणी सक्तीची करणारा कायदाच झाला.

कोणासाठी हे झेंडे? घरादारातून उखडलेल्या बेल्जमच्या लोकांसाठी, जखमींसाठी, विधवांसाठी, लढाईतल्या घोड्यांसाठीसुद्धा. आणि युद्धकैद्यांसाठी. कैद्याची स्थिती सर्वांत चमत्कारिक. तो मेलेला नसतो, म्हणून त्याच्या नावे कोणी रडत नाही. तो लढत नसतो, म्हणून त्याचे कोणी कौतुक करत नाही. शत्रूच्या देशातच धान्याचा तुटवडा, तिथे कैद्याला कोण पोटभर घालणार? त्याचा जीव घरून येणाऱ्या पार्सलावर. पाव, साखर, चहा, तंबाखू, गरम मोजे असे जिन्नस बांधून ती पार्सले स्वित्झर्लंडसारख्या तटस्थ देशांमार्फत छावण्यांत जात. झेंड्यांच्या डब्यांत पडलेली नाणी अशा पार्सलांतही जात. हिंदी सैनिकांसाठी लंडनमध्ये १९१४ सालीच एक निराळा निधी उभा राहिला होता, तो जर्मनीतल्या हिंदी कैद्यांचीही काळजी घेई. बर्लिनजवळच्या एका छावणीत जर्मन पंडितांनी या कैद्यांचे आवाज तबकड्यांवर उतरवून ठेवले, ते आजही आहेत. मलसिंग नावाच्या एका पंजाबी शिपायाने १९१६ साली त्या यंत्रापुढे उभे राहून घरी खाल्लेल्या लोण्याची आठवण काढली, आणि हिंदुस्थानात परत जायची इच्छा सांगितली. राज्य, पदक, बढती यांतले काहीच त्याने मागितले नाही.

आणि आमच्या आजीचा नवरा? वाचताना मला त्याचाही माग लागला. इराकात, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, बसऱ्याच्या वर कूत नावाचे गाव आहे. तिथे तुर्कांनी हिंदी व इंग्रजी फौजेला पाच महिने वेढून धरले. खायला घोडे उरले नाहीत, तेव्हा २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. आपल्या कोकणातले आणि घाटावरचे लोक ते. वाळवंटातून शेकडो मैल त्यांना पायी चालवले, रेल्वेच्या कामाला जुंपले. हजारो परतलेच नाहीत. तिथवर पार्सल पोचणे तर महाकठीण. आजी ज्याला नुसते बसऱ्याकडे म्हणत होती, ते हे असले पाहिजे. त्याचे नाव मला ठाऊक नाही, पलटणीचा क्रमांकही नाही. पण पन्नास वर्षांनंतर दहा पैसे देऊन तिने पदराला झेंडा टोचला, तो का, हे तेव्हा न कळलेले कोडे मला त्या पानावर उलगडले.

लंडनच्या रस्त्यांवर इंग्रज बायका झेंडे विकत होत्या, त्यात हिंदी स्त्रियाही पुढे आल्या. सोफियांनी हिंदी सैनिकांसाठी झेंड्यांचा दिवस घडवून आणला. त्याची चर्चा इंग्लंडात झाली, तशी दिल्लीपर्यंत पोचली. यात पैसा किती जमला हे एक, पण त्याहून मोठी गोष्ट निराळी आहे. हिंदी शिपाई म्हणजे सरकारी बटवड्यातला एक आकडा. त्याच्या नावाचा झेंडा जेव्हा लंडनच्या कारकुनाने, दुकानातल्या पोरीने, भाजीवाल्याने छातीला टोचला, तेव्हा तो शिपाई तेवढा दिवस तरी त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. मागणारी स्त्री दात्याला त्या दूरच्या माणसाची ओळख करून देते. हेच खरे काम, आणि ते घरी बसून मनिऑर्डर केल्याने होत नाही. पुढे सोफियांनी फॅरडे हाउसमध्ये हिंदी सैनिकांना बोलावून त्यांचे स्वागत केले. ज्या घराच्या दारात त्यांनी बंडखोर वर्तमानपत्र विकले, त्याच घरी पंजाबच्या शेतकऱ्यांची पोरे पाहुणी आली.

कर न देणारी सोफिया आणि झेंडे विकणारी सोफिया या मला दोन निराळ्या बाया वाटत नाहीत. जबरीने मागितले तिथे त्यांनी छदाम दिला नाही. प्रेमाने द्यायचे तिथे त्यांनी स्वतः दिले, आणि इतरांपुढे हातही पसरला. पैसा तोच, पण देणाऱ्याचा मान कुठे राहतो आणि कुठे जातो, एवढाच प्रश्न. आपल्यासाठी मागताना मान खाली जाते हे खरे. दुसऱ्यासाठी मागताना ती खाली घालण्याचे कारण नाही.

१९१८ साली इंग्लंडात तीस वर्षांवरील स्त्रियांना, काही अटींवर, मत मिळाले. १९२८ साली ते पुरुषांच्या बरोबरीने मिळाले. आपल्या मुंबई इलाख्यातही १९२१ साली मर्यादित प्रमाणात स्त्रियांना मताधिकार आला, त्यासाठी रमाबाई रानड्यांसारख्यांनी कष्ट घेतले होते. १९२४ साली सोफिया थोरली बहीण बंबा हिच्यासोबत पुन्हा हिंदुस्थानात आल्या. पंजाबात जुनी माणसे त्यांना पाहून रडली. त्याच वर्षी बंबाने आजी जिंदनची रक्षा नाशिकहून काढून लाहोरला रणजितसिंहाच्या समाधीपाशी नेली. साठ वर्षांचा तो वनवास संपला. आजीला जे सरकारने नाकारले, ते नातीने पुरे केले.

१९३० मध्ये लंडनला पार्लमेंटजवळ एमेलिन पँखर्स्ट यांचा पुतळा उभारला, तेव्हा फुलांची व्यवस्था पाहणाऱ्या समितीच्या अध्यक्षा सोफिया होत्या. चरित्रकोशासाठी त्यांना आवडीचे विषय विचारले, तर त्यांनी स्त्रियांची उन्नती हा एकच विषय लिहून दिला. त्यांनी लग्न केले नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडू लागले, तशा त्या पेन नावाच्या खेड्यात राहायला गेल्या आणि शहरातून हलवलेल्या परक्या मुलांना त्यांनी घरात आसरा दिला. त्याच युद्धात लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्त्रिया इटली आणि जर्मनीतल्या हिंदी कैद्यांसाठी कणीक, तूप, डाळ आणि मसाला यांची पार्सले बांधत होत्या. पहिल्या युद्धात जे तुटपुंजे झाले, ते दुसऱ्यात लाखांच्या संख्येने झाले.

भारत स्वतंत्र झालेला पाहून, आणि आपला पंजाब मधोमध चिरला गेल्याचे ऐकून, २२ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी देह ठेवला. दहन शीख रीतीने व्हावे आणि रक्षा हिंदुस्थानात जावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे बरीच वर्षे जग त्यांना विसरले. २०१८ साली इंग्लंडात स्त्रीमताधिकाराची शताब्दी झाली, तेव्हा हातात वर्तमानपत्र घेतलेल्या सोफियांचे टपाल तिकीट निघाले. २०२३ साली फॅरडे हाउसवर त्यांच्या नावाची निळी पाटी लागली.

त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे वर्षभराने, २८ ऑगस्ट १९४९ रोजी, आपल्या सरकारने समिती नेमून सात डिसेंबर हा ध्वजदिन ठरवला. तेव्हापासून तो तीन पट्ट्यांचा झेंडा आपल्या छातीवर येतो. आता तो पुष्कळदा कार्यालयात परस्पर वाटला जातो. कोणी विकत नाही, कोणी विचारत नाही, आणि संध्याकाळी तो जिन्यावर पडलेला दिसतो. झेंडा विकणारी मुलगी आणि तो घेणारी आजी, या दोघींची गाठ पडल्याशिवाय त्या कागदाला अर्थ येत नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी एवढीच विनंती आहे. येत्या सात डिसेंबरला परवानगी काढून मंडळाचे डबे बाजारात न्यावे, आणि जमलेल्या पै-पैचा हिशेब दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावावा. सुरुवातीला ज्यांना संकोच वाटेल, त्यांनी माझ्याबरोबर उभे राहावे. गुडघे आता पूर्वीसारखे साथ देत नाहीत, पण स्टूल मिळाले तर दोन तास मी खुशाल बसेन. जागा मात्र मी आधीच मागून ठेवते. जिथे आजी भाजीचे वाटे लावून बसत असे, तो ओटा आता नाही, तिथे दुकाने झाली आहेत. त्या दुकानांसमोरची मला द्यावी.